सूप, मूल आणि दोन हात

तैपेई,
९ फेब्रुवारी २०२५

आई,

फोनवर हे जमणार नाही म्हणून लिहिते आहे. फोनवर मी काही विचारलं की तू 'जेवलीस का' वर येतेस, मग कुकरची शिट्टी, मग बाबांची शुगर, आणि माझा प्रश्न तिथेच राहतो. कागदावर तुला असं पळता येणार नाही. तूही कागदावरच लिही आणि फोटो काढून पाठव. तुझं टायपिंग म्हणजे नुसते जोडलेले हात आणि गुलाबाची फुलं.

मी इथे जुन्या चिनी लिपीवर प्रबंध लिहिते आहे, हे तू खांदा कॉलनीत 'रेवा तिकडे चायनीज शिकते' एवढ्यावर उरकतेस, मला माहीत आहे. तर त्या चायनीजमधलं एक अक्षर तुला दाखवते: 棄. अर्थ, टाकून देणे. आज ते असं दिसतं आणि त्यात काही म्हणजे काही ओळखू येत नाही. पण तीन हजार वर्षांपूर्वी लोक बैलाच्या हाडावर आणि कासवाच्या कवचावर देवाला प्रश्न कोरायचे, त्यातल्या मोजक्या तुकड्यांवर याचं मूळ रूप सापडतं. ते रूप आता कुणी लिहीत नाही. खाली दोन हात आहेत, हातांवर सूप आहे आणि सुपात मूल आहे. सरांनी त्याचा ठसा दाखवला तेव्हा अख्खा वर्ग 'हे धान्य पाखडायचं कसलं भांडं' म्हणून फोनवर चित्रं शोधत होता. मी एकटी हसत होते.

कारण ते माझंच चित्र आहे. तुझी माझ्याआधी दोन गेली, म्हणून आजीने मला सुपात घालून जिन्याखाली कचऱ्याच्या डब्याशी ठेवलं. साळू नावाच्या बाईने 'कुणाचं गं हे टाकलेलं' असं म्हणत उचललं. मग पाचवीला तू तिला मापटंभर तांदूळ देऊन मला विकत घेतलंस. टाकलेल्या, विकलेल्या पोराकडे मरण बघत नाही. आजीच्या तोंडून मी हे इतक्यांदा ऐकलंय की मला ते आठवतं असंच वाटतं.

इथले सगळे अभ्यासक म्हणतात, ते दोन हात टाकणाऱ्याचे. कुणी म्हणतं नको असलेलं मूल मारायला नेतायत, कुणी म्हणतं हा विधी होता. मला मात्र वाटतं ते हात उचलणाऱ्याचे आहेत. यावर मी एक प्रकरण लिहिणार आहे. शिवाय एप्रिलमध्ये आमच्या विभागाचं छोटं प्रदर्शन आहे, जुन्या अक्षराशेजारी आजची वस्तू ठेवायची. मला ते सूप हवंय. आणि साळूबाई कुठे असते ते सांग. तिने मला कसं उचललं हे तिच्याच शब्दांत हवंय.

बाबांना सांग, गोड कमी खा.

तुझी
रेवा


खांदा कॉलनी, नवीन पनवेल,
१६ फेब्रुवारी

चि. रेवास तुझ्या पळपुट्या आईचा आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, एवढं विमानाने जाऊन पोरीला शेवटी सूपच सापडलं, तर ते इथे बाजारात रस्त्यावर टांगलेलं असतं. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, ती कौतुकाने विचारते आहे.

एक सांगते, 'टाकलं' हा शब्द तिकडे चारचौघांत वापरू नकोस. ठेवलं म्हण. तुझ्या चिनी लोकांना काय कळणार, त्यांना वाटेल पनवेलला मुली कचऱ्यात टाकतात. जिन्याखाली ठेवलं तेव्हा मी वरच्या पायरीवर बसले होते, तुझ्यावरून नजर हलवली नव्हती. टाके दुखत होते तरी बसले होते. हे तुझ्या आजीने कधी सांगितलं नसेल, कारण तिच्या गोष्टीत मी नसायचेच. सगळं तिनेच केलं.

सूप माळ्यावर होतं. बाबांना शिडीवर चढवून काढून घेतलं. कुरिअरने पाठवते आहे. जुनं आहे, जपून हाताळ.

साळू नेऱ्याच्या वरच्या बाजूच्या वाडीतली. आपल्या शेजारच्या बिल्डिंगचं काम चाललं होतं तेव्हा ती तिथे पाट्या उचलायला होती. चांगली बाई. पुढे वीटभट्टीवर गेली असं ऐकलं, मग काही कळलं नाही. ती माणसं एका जागी कुठे राहतात? आता असेल-नसेल, सांगता येत नाही. तिला शोधत बसू नकोस. तुला लिहायचं ते लिही, उचललं म्हणजे उचललं, त्यात तिला वेगळं काय सांगायचं असणार?

तुझ्या त्या हाडांवर मुलींबद्दल काही चांगलं लिहिलंय का, ते कळव. वेळेवर जेव.

आई


तैपेई,
२ मार्च

आई,

सूप आलं. खोकं उघडलं आणि हळदीचा वास आला. इतक्या वर्षांनीही वास टिकलाय बघ. मी ते मांडीवर घेऊन बसले आणि वेड्यासारखी रडले, मग माझ्या खोलीतल्या जपानी मुलीने मला चहा करून दिला. तिला वाटलं घरी कुणी गेलं. मी म्हटलं, नाही गं, घरी मी राहिले.

विभागात सगळे येऊन बघून गेले. काचेच्या पेटीत ठेवणार, शेजारी हाडावरच्या अक्षराचा ठसा. खाली चिनी आणि मराठीत ओळ मी लिहिली आहे: 'या सुपात मला टाकलं आणि यातूनच उचललं. पनवेल, १९९७.' हो, टाकलं असंच लिहिलंय. रागावू नकोस.

मुलींबद्दल विचारलंस. एका राणीच्या बाळंतपणाबद्दल हाडावर देवाला विचारलंय, चांगलं होईल का? खाली निकाल कोरला आहे: चांगलं झालं नाही, मुलगी झाली. घे. आणि आपल्या अक्षराचं पुढे काय झालं तेही ऐक. पुढच्या लिपीत सुपातलं मूल उलटं झालं, डोकं खाली, पाय वर. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या एका शब्दकोशकाराने हाडं पाहिलीच नव्हती, तेव्हा त्याने ठोकून दिलं की उलटं मूल म्हणजे नाठाळ मूल, आईबापाला न जुमानणारं, म्हणून हातांनी बाहेर ढकललंय. म्हणजे टाकलं त्याचा दोष टाकलेल्यावरच. नंतरचे लोक म्हणतात, अहो, डोकं खाली असतं कारण ते जन्माला येतंय. गंमत म्हणजे तेच उलटं मूल 'वाढवणे' या अक्षराच्याही डोक्यावर बसलं आहे. आणि चीनमध्ये आज हे अक्षर सोपं करून 弃 असं लिहितात, त्यातलं सूप गळून गेलंय. नुसतं मूल आणि खाली दोन हात.

साळूबाईची काळजी तू सोडून दे. माझी शाळेतली ऋचा आता नेऱ्याकडच्या शाळेत शिकवते. तिला कळवलंय, वाड्यांवरची मुलं तिच्या वर्गात आहेत, ती शोधेल. सापडल्या तर सुपाचा फोटो दाखवायला सांगितलंय. त्यांना किती बरं वाटेल.

तुझी
रेवा


खांदा कॉलनी,
९ मार्च

रेवा,

ऋचाला कशाला मध्ये घातलंस? घरातली गोष्ट घरात राहू द्यावी एवढं तुला समजत नाही? तीस वर्षं बँकेत काउंटरवर बसून मी माणसं ओळखायला शिकले आहे. तिथे कुणी गेलं की लगेच मागण्या सुरू होतात, हे दे, ते दे. आणि म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर विसंबून काय लिहिणार तू प्रबंधात?

मी ऋचाच्या आईला फोन केला होता. त्या म्हणाल्या, ती रविवारी जाऊन आली. काय झालं ते काही बोलल्या नाहीत. तुला काही कळलं असेल तर आधी मला सांग, मग विश्वास ठेव.

आई


उलवे,
६ एप्रिल

रेवाताईस,

मी संजना. साळूची मुलगी. आश्रमशाळेत दहावी केली. आता उलव्याला टावरच्या कामावर हाय. ऋचा मॅडमनी मेल कसा करायचा ते दाखवलं. चुकलं तर समजून घ्या.

तुमचा फोटो आयला दाखवला. काचेतलं सूप. आयनी सुपाचे कोपरे बघितले नि बोलली, हे माजं सूप नाय.

सूप आमचं होतं, तुमच्या घरचं नाय. तुमच्या आजी बोलल्या, उचलनारीच्या घरचंच सूप पायजे. आयनी वाडीवरनं आनलं. माज्या आज्यानं विनलेलं. एका कोपऱ्याला तुटलं होतं तिथं लुगड्याची हिरवी चिंधी बांदलेली. तुमच्या फोटोत चिंधी नाय. हे सूप तर नवं दिसतंय.

मॅडम बोलल्या तुमाला खरं पायजे. मग सांगते.

पाचवीला तांदूळ देऊन तुमाला परत घ्यायचं ठरलं होतं. नाय घेतलं. तुमी काडीसारख्या होता आनि तुमच्या आईला दूध नव्हतं. आयला होतं, कारन माजा भाव तवा दीड महिन्याचा. आजी बोलल्या, आजून परत घेत नाय, तुज्याच नावावर राहू दे, म्हंजे मरन फसलेलं राहील. आनि जोवर तुज्या नावावर हाय तोवर तू या एकाच पोराची आय. दुसऱ्याला छातीला लावलंस तर मरनाला कळंल. म्हनून आयला तुमच्या घरातनं सोडलं नाय. माजा बाप देवजी, त्याला तुमच्या सोसायटीत वाचमन लावला. पावसाळा जवळ आला तरी ती तिथंच.

भाव वाडीवर म्हातारीकडं. पेजेवर ठेवला. मी चार वरसांची होती, मी बोटानं पेज चाटवायची. त्याला जुलाब लागले तवा बाप सांगायला गेला. तुमची आई दारात होती. बोलली, आज मुलीला ताप हाय, उद्या पाठवते. दुसऱ्या दिवशी आय आली तवा तिचं लुगडं दुधानं भिजलेलं, आनि भाव गेलेला. त्याचं नाव ठेवायचं राहिलं होतं. आयनी जाताना सूप उचलून आनलं होतं. त्यातच घालून त्याला नेला. वर सूप पालथं घातलं आनि माती लोटली. ते सूप तुमाला कुठनं मिळनार?

आय भांडत नाय. तिचं एकच म्हननं हाय. तांदूळ कधी आले नाय. म्हंजे तुमी आजून तिच्याच नावावर. तिला पुढं मूल झालं नाय. माजं दोन वेळा पडलं. आता पाचवा लागलाय. आय बोलते, एकाच पोराची आय ही गाठ सुटलीच नाय, म्हनून आपल्या घरात टिकत नाय. तुमच्या आईच्या हातनं मापटंभर तांदूळ पाठवा, म्हंजे ती तुमाला आपल्या नावावरनं उतरवंल. माजा विश्वास हाय का, मला नाय सांगता येत. पन आयला जेवन जात नाय.

फोटोसंगं मॅडमला पाठवलेल्या निरोपात तुमी साळूआई असं लिवलं होतं. तसं नका म्हनू. तिला बरं वाटत नाय.

संजना


तैपेई,
८ एप्रिल

आई,

संजनाचं पत्र सोबत जोडलंय. पूर्ण वाच. चष्मा सापडत नाही असं म्हणू नकोस.

मला तीन गोष्टी सांग. मी काचेत ठेवलेलं सूप कुठलं? साळूबाई भट्टीवर गेली, असेल-नसेल, हे तुला कुणी सांगितलं, की तूच बसल्या जागी रचलंस? आणि त्या दिवशी दारात तू होतीस का?

मी सगळ्या वर्गासमोर उभी राहून सांगितलं आहे की हे हात उचलणाऱ्याचे. केवढ्या अभिमानाने सांगितलं. आमच्याकडे मूल टाकतात ते परत घेण्यासाठी, आमच्याकडे मरणाला फसवतात. सर खूश झाले. सुपात मी होते आणि टाकलं गेलं कोण, तर वाडीवर पेज चाटणारं एक पोर, ज्याला नावसुद्धा नाही. मला अठ्ठावीस वर्षं ही गोष्ट झोपताना सांगितलीत तुम्ही.

तांदूळ नेऊन दे. दुसरं काही मी मागत नाही. संजनाचं बाळंतपण व्हायच्या आत दे.

रेवा


खांदा कॉलनी,
१५ एप्रिल

रेवा,

चष्मा सापडला. वाचलं. एकेक करून उत्तर देते, म्हणजे पळाली म्हणायला नको.

सूप पनवेलच्या बाजारातून घेतलं. नवंकोरं. हळद चोळली, शेणाचं बोट फिरवलं आणि आठवडाभर माळ्यावर धुळीत टाकलं. तुला सूप हवं होतं, मी सूप दिलं. तुझं पत्र इतकं आनंदाचं होतं की त्यावर माती लोटायचा धीर झाला नाही. साळू कुठे आहे हे मला कायम माहीत होतं. दर दिवाळीला मी बाबांबरोबर लुगडं पाठवायचे. दर वेळी ते परत यायचं.

आणि हो, दारात मीच होते. आजी आत होती. तिच्यावर ढकलता आलं असतं, ती आता नाही, पण ढकलत नाही. देवजी जिन्यात उभा होता, म्हणाला पोराला जुलाब लागलेत. माझ्या मागे तू तापाने फणफणलेली. मी म्हटलं, उद्या. मला माहीत होतं मी काय बोलते आहे. इतकी काही मी भोळी नव्हते.

आता तू मला न्याय शिकवणार. शिकव. पहिल्याचं तोंडही मला नीट दाखवलं नाही, कपड्यात गुंडाळूनच नेला. दुसरी हसायला लागली होती. मी खोलीत आले की मान वळवायची. ती गेली तेव्हा तुझी आजी शेजारणीला म्हणाली, हिच्या पोटाला धरच नाही. मग तू आलीस. तुझ्या हाताला बोट लावलं तर सालपट निघेल असं वाटायचं. आणि एक बाई होती जिच्या अंगावर तू वाढत होतीस. तिला मी घरी जाऊ दिलं नाही. तुझी चिनी राणी असती तर तिने तरी दिलं असतं का? तू आज हाडं वाचतेस, कारण त्या दिवशी मी 'उद्या' म्हटलं. हे तुला आवडत नसेल तर मी काय करू?

संजनाला काय हवं ते मी करीन. चांगल्या डॉक्टरकडे नाव घालू, औषधपाणी सगळं माझ्याकडे. पण तांदूळ मी देणार नाही. तू हसशील. मी सत्यनारायणाच्या कहाणीला तोंड लपवून हसणारी बाई. पण या एका गोष्टीला हात लावायची माझी छाती नाही. आजवर तू तिच्या नावावर जगलीस. मी तांदूळ दिले, तू माझी झालीस आणि तुला काही झालं तर? दोन माझ्या नावावर होती ती गेली. एक तिच्या नावावर आहे ती आहे. मला एवढाच हिशेब येतो.

आई


तैपेई,
२० एप्रिल

आई,

तुझी भीती खोटी नाही, मला कळते. पण साळूबाईचीही तीच भीती आहे, शब्दाला शब्द तीच, आणि तिला ती तुम्हीच शिकवलीत. तिने तुमचं म्हणणं पाळलं, एकाच पोराची आई होऊन राहिली. आता तुम्ही तिला मोकळं करत नाही.

मला काही होणार नाही. आणि झालंच तर ते तांदळाने होणार नाही. जा, आई. ऋचा बरोबर येईल. तू नाही गेलीस तर मी प्रबंध अर्धा टाकून येईन, आणि आले की तुझ्याकडे उतरणार नाही.

रेवा


खांदा कॉलनी,
११ जून

रेवा,

काल जाऊन आले.

उशीर का झाला ते तू विचारणारच. आधी म्हटलं तुझी तोंडी परीक्षा होऊन जाऊ दे, ऐन वेळी काही नको. मग बाबांचं मोतीबिंदूचं निघालं. मग म्हटलं सोमवारी जाऊ, मग गुरुवारी. तू दर फोनला विचारायचीस आणि मी 'या आठवड्यात' म्हणायचे. ऋचासुद्धा शेवटी विचारायची थांबली. तू येईन म्हणाली होतीस, आली नाहीस, तेही मी धरून चालले होते. शेवटी काल सकाळी उठले, तांदूळ काढले आणि निघाले. चांगला कोलम घेतला होता. मापट्याला शीग लावून घेतले, फडक्यात बांधले.

नेऱ्याच्या पुढे फार्महाउसांच्या कुंपणांमधून वर वाट जाते. साळू अंगणात बसली होती. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं. उठली नाही. बसा म्हणाली. माझ्यापेक्षा ती लहान आहे, पण दिसत नाही तशी.

संजना आत झोपली होती. तिचं गेलं, रेवा. मे संपता संपता. उलव्याला टॉवरवर लिफ्ट बंद होती, ती पाण्याचे डबे वर चढवत होती. सातवा लागला होता. मुलगा होता असं साळू म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

मी गाठोडं तिच्यापुढे ठेवलं. तिने फडकं सोडून बघितलं, एक दाणा उचलून बोटात फिरवला आणि परत ठेवला. मला म्हणाली, "आता कोनासाठी घेऊ?" मी म्हटलं, साळू, घे, तुझं आहे. ती म्हणाली, "पोरगी जगली ना तुमची? मग बस झालं. र्‍हाऊ द्या माज्या नावावर. माजं काय जानारं उरलंय?" आवाज चढवला नाही. ऋचा रडत होती, ती नाही. मी तिच्या पाया पडणार होते. घरून ठरवून गेले होते. वाकले तोवर ती उठून आत गेली, मुलीला पाणी द्यायला. बाहेर आली नाही.

तुला एक गोष्ट लिहिते, ती वाचून तू माझ्याशी बोलणं टाकशील, तरी लिहिते. तिने तांदूळ नाकारले तेव्हा, तिथल्या तिथे, तिच्या अंगणात, मला हायसं वाटलं. तू अजून तिच्या नावावर आहेस म्हणून.

तांदूळ परत आणले. डब्यात ओतवत नाहीत, कुणाला देववत नाहीत. ओट्यावर तसेच बांधलेले आहेत. त्याचं काय करू ते सांग.

आई


तैपेई,
१५ जून

आई,

संजनाचं बाळ तांदळाचा सौदा राहिल्यामुळे गेलं नाही, एवढं मला कळतं. ते पाण्याच्या डब्यांमुळे आणि बंद लिफ्टमुळे गेलं. पण दोन महिने आपण एका बाईला उद्या, उद्या म्हणत राहिलो, हेही खरं. तू घरात बसून, मी इथून फोनवर. मी येईन म्हटलं होतं. माझी परीक्षा होती.

तुझ्याशी बोलणं टाकणार होते. पण ती ओळ वाचली, तुला हायसं वाटलं ती, आणि माझाही श्वास सुटला. मी इतकी शिकलेली, इतकी चिडलेली, आणि मलाही बरं वाटलं की मी तिच्या नावावर आहे. मला माझीच किळस आली. त्यामुळे तुला बोलायला आता माझ्याकडे तोंड नाही.

हात उचलणाऱ्याचे आहेत, हे प्रकरण मी फाडलं. त्या चित्रात हातांची एकच जोडी आहे आणि ती कुणाची, हे त्या हाडांनाच माहीत. त्या शब्दकोशकाराला मी हसले होते, टाकलेल्यालाच नाठाळ म्हणतो म्हणून. त्याने निदान टाकलेल्याकडे बघितलं तरी. आपल्या गोष्टीत ते पोर कधी आलंच नाही.

प्रदर्शन जूनपर्यंत वाढवलं होतं, उद्या संपतं. सूप मी काढलं नाही. खालची ओळ बदलली, दोन्ही भाषांत: 'सूप. पनवेल बाजार, २०२५. यात कधीही कुठलं मूल ठेवलेलं नाही.' सर म्हणाले, मग हे या अक्षराशेजारी कशाला? मी म्हटलं, राहू द्या एक दिवस.

तांदळाचं काय करू म्हणून विचारतेस. साळूबाईने घेतले नाहीत, माझ्या उपयोगाचे नाहीत, आणि वाया घालवायची तुला सवय नाही. मला रोज फोनवर विचारत आलीस ना, जेवलीस का म्हणून? ते तांदूळ शिजव, आई, आणि तू जेव.

रेवा